घांस घालणाऱ्याचें कर्तव्य

अमरकोशांत कुत्र्याचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत पहिलें नांव ‘कौलेयक’ हें आहे. लहानपणीं पाठांतर करतांना अर्थाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु हा शब्द विचार करण्याजोगा आहे. कुल म्हणजे घराणें. घराण्यांतला तो कौलेयक. पाणिनीनें कुल, कुक्षि आणि ग्रीवा या तीन शब्दांना एक विशेष प्रत्यय सांगितला आहे, आणि तोहि ठराविक अर्थींच. कुलांतला असेल तर कुत्रा, कुक्षींतली असेल तर तलवार आणि ग्रीवेवरचा असेल तर अलंकार. तलवार आणि कंठभूषण यांच्या पंक्तीस व्याकरणकारानें कुत्रा बसवावा, याची मला नेहमीं मौज वाटत आली आहे. तिन्हीं वस्तु माणसाच्या निकट वागणाऱ्या, आणि तिहींची निगा माणसानेंच राखावयाची.

त्याच यादींतलें दुसरें नांव ‘सारमेय’, म्हणजे सरमेचा पुत्र. सरमेची कथा महाभारताच्या आदिपर्वांत आहे. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां तेथें एक कुत्रा आला. भावांनीं त्याला झोडपून हांकलून दिलें. तो रडत आईकडे गेला. हविर्द्रव्याकडे आपण पाहिलेंहि नव्हतें, असें त्यानें तिला सांगितलें. तेव्हां सरमेनें यज्ञस्थानीं जाऊन निरपराध मुलाला मारण्याचें कारण विचारलें. कोणींच उत्तर दिलें नाहीं, आणि तिनें राजाला अकल्पित भयाचा शाप दिला. त्याच महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथांत बसण्याचें नाकारतो. ग्रंथाच्या एका टोकास विनाकारण मार खाल्लेला कुत्रा आहे आणि दुसऱ्या टोकास न टाकलेला कुत्रा आहे.

हें सर्व आठवण्याचें कारण असें कीं, आज आमच्या फलटणांत काय किंवा दुसऱ्या कोणत्याहि गांवांत काय, चार माणसें ओट्यावर बसलीं कीं बोलणें रस्त्यावरच्या कुत्र्यांवर येतेंच, आणि तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, यांना मारून टाका किंवा कोठें तरी दूर नेऊन सोडा. दुसरा पक्ष संध्याकाळीं पिशवींतून पोळ्या आणून कोपऱ्यावर टाकतो आणि आपलें भूतदयेचें कर्तव्य संपलें असें समजतो. पहिल्याला कुत्रा परका वाटतो. दुसऱ्याला तो दोन मिनिटांपुरताच आपला वाटतो. कौलेयक या शब्दाचा अर्थ दोघांच्याहि मनांतून गेलेला आहे.

पहिल्या पक्षाचा उपाय नवा नाहीं. मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम असे, आणि दर कुत्र्यामागें शिपायाला आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभानें शिपाई पाळीव कुत्र्यांवरहि हात टाकूं लागले, तेव्हां जून १८३२ मध्यें तेथील पारशी मंडळींनीं दंगा केला. मुंबईच्या इतिहासांत तो कुत्र्यांचा दंगा म्हणूनच प्रसिद्ध आहे. पुढें दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापारी यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तथापि कुत्रे मारण्याचा क्रम पुढेंहि चालूच राहिला. तो मुंबई महापालिकेनें १९९४ सालीं थांबविला. म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ हा उपाय करून झाला, आणि इतक्या काळांत मुंबईचे कुत्रे कांहीं संपले नाहींत.

ते कां संपले नाहींत, हें समजण्यास फार विद्वत्ता नको. कुत्रा राहतो तो उकिरड्याच्या आणि शिळ्यापाक्याच्या आधारानें. एका आळींतले चार कुत्रे मारले, तरी त्या आळींतला उकिरडा जागच्या जागींच असतो. मोकळ्या झालेल्या जागेंत शेजारच्या आळींतले कुत्रे येतात. मागें राहिलेल्या कुत्रीला आतां पोटभर मिळतें आणि तिचीं पिलें अधिक जगतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें त्रेसष्ट दिवसांचा. वर्षांतून दोन वेळां ती व्यालेली आपण पाहतोंच, आणि एका वेतांत चार-सहा पिलें सहज होतात. अशा हिशेबापुढें काठी आणि विष यांचें कांहीं चालत नाहीं. दूर नेऊन सोडण्याची युक्ति तर याहूनहि निरुपयोगी. आपल्या गल्लींतला ओळखीचा कुत्रा जातो, आणि अनोळखी गल्लींत नेऊन सोडलेला बिथरलेला कुत्रा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या अंगावर धांवतो.

म्हणून १९९४ नंतर मुंबईनें दुसरा मार्ग धरला. कुत्र्यांना धरावें, भूल देऊन निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोंचावी, ओळखीसाठीं कानाला खांच पाडावी आणि बरे झाल्यावर ज्या जागेवरून आणले त्याच जागीं सोडावें. या कामीं १९८५ सालीं स्थापन झालेल्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्थांनीं महापालिकेला हातभार लावला. केंद्र सरकारनें हाच मार्ग २००१ च्या नियमांत घातला आणि २०२३ सालीं त्या नियमांची जागा नव्या नियमांनीं घेतली. मुंबईच्या २०१४ च्या गणनेंत सुमारें पंचाण्णव हजार रस्त्यावरचे कुत्रे आढळले होते. २०२४ च्या पाहणींत तो आंकडा नव्वद हजारांच्या आसपास आला. ही घट कांहीं मोठी नव्हे. परंतु शहराची वस्ती आणि कचरा यांची वाढ ध्यानांत घेतां, वाढणारी संख्या थांबून मागें फिरली हेंहि थोडें नाहीं.

याहून उघड फळ आमच्या शेजारच्या गोव्यांत दिसलें. तेथें २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि गोवा सरकार यांनीं मिळून काम हातीं घेतलें. जाळीं घेऊन टोळ्या गांवोगांव फिरूं लागल्या, आणि दरवर्षीं सुमारें पंचाण्णव हजार कुत्र्यांना लस टोंचली जाऊं लागली. शाळाशाळांतून वर्षाला दीड लाखाच्या घरांत मुलांना, कुत्रा चावल्यास काय करावें, हें शिकविलें गेलें. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची सांखळी तुटते, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. तें गोव्यानें करून दाखविलें. कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनीं घटला. २०१८ पासून पुढील कांहीं वर्षें तेथें रेबीजनें एकहि मनुष्य दगावल्याची नोंद झाली नाहीं. आणि २०२१ सालीं सरकारनें गोवा हें रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलें. ज्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी हातचा गेलाच असें समजावें, त्या जलसंत्रासाची ही गोष्ट आहे.

आतां आमच्या घरांतून निघणारी एक शंका. वडीलधारी मंडळी, विशेषतः आजीबाई, म्हणतात, मुक्या जनावराची कूस बंद करणें हें पाप नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे. तिचें उत्तरहि तितक्याच प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. बेंदराच्या दिवशीं ज्याची आपण पूजा करितों, ज्याला पुरणपोळीचा घांस भरवितों, तो बैल कोण? खच्ची केलेला गोऱ्हाच तो. आमची सारी शेती हजारों वर्षें त्याच्या खांद्यावर चालली आणि कोणीं त्याला पाप म्हटलें नाहीं. पूर्वीं तें काम भूल न देतां, फार निर्दयपणें केलें जाई. आजची शस्त्रक्रिया भूल देऊन होते आणि थोड्याच दिवसांत प्राणी हिंडूंफिरूं लागतो.

दुसरें उदाहरण खुद्द फलटणचें. येथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या पशुसंवर्धन विभागानें बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ मेंढीचा, एका वेळीं अधिक कोंकरें देण्याचा गुण दख्खनी मेंढींत उतरविला आणि ‘नारी सुवर्णा’ हा जुळीं देणारा वाण सिद्ध केला. जेथें चारा आहे, धनगर आहे, गिऱ्हाईक आहे, तेथें माणसानें हिशेबानें जन्म वाढविले. मग ज्या पिलांना चारा नाहीं, धनी नाहीं, छप्पर नाहीं, त्यांचे जन्म हिशेबानें कमी करणें हें तरी पाप कां मानावें?

आणि जन्मलेल्या पिलांचें पुढें काय होतें तें पाहिलें, म्हणजे पाप कोणत्या बाजूस आहे तें समजतें. बंगालमधील संशोधकांनीं रस्त्यावरच्या ३६४ पिलांवर जन्मापासून नजर ठेविली आणि आपला निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केला. शंभरांतलीं एकोणीसच पिलें वयांत येईपर्यंत जगलीं. जीं मेलीं, त्यांतलीं निम्म्याहून अधिक माणसांच्या हातून वा वाहनांखालीं गेलीं. आपल्या जिन्याखालीं व्यालेली कुत्री आपण ‘बाळंतीण’ म्हणून दूधभात घालून जगवितों. महिन्याभरानें पिलें अंगणांत घाण करूं लागलीं म्हणजे तींच पोत्यांत घालून ओढ्याकांठीं किंवा बाजाराच्या मागें सोडून येणारींहि सुशिक्षित घरें आहेत. मांजरीचीं पिलें सात घरें फिरतात असें आपण म्हणतों. त्यांतलीं किती सातव्या घरापर्यंत पोंचतात, हें मोजण्यास आपण जात नाहीं. पाळलेल्या जनावराला उपासमारीच्या तोंडीं टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. पहिल्या अपराधाला त्यांत दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपयांचा. इतक्या स्वस्त गुन्ह्याला कायदा आंवर घालूं शकत नाहीं. तो घराच्या रीतीनेंच घातला पाहिजे.

ती रीत काय असावी, याचा थोडा विचार करूं.

घरांत कुत्रा हवा असेल तर प्रथम आपल्याच गल्लींतलें पिलूं आणावें. हल्लीं पैसे मोजून परदेशी जातीचीं पिलें आणण्याची हौस वाढली आहे. सायबेरियाच्या बर्फांत गाडी ओढणारा हस्की फलटणच्या एप्रिल-मेच्या उन्हांत काय भोगत असेल, याची कल्पना विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. मग त्याचें कातडें बिघडतें, केंस झडतात, औषधाचा खर्च वाढतो आणि एके दिवशीं तो गांवाबाहेर सांपडतो. आमचा गांवठी कुत्रा याच हवेंत पिढ्यान् पिढ्या वाढलेला आहे. भाकरीवर राहतो आणि घर ओळखतो. पिलूं निदान आठ आठवडे आईपाशीं राहूं द्यावें. विक्रीच्या पिलांसाठींहि २०१७ च्या नियमांनीं हीच मर्यादा घातली आहे. पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें लशी द्याव्या, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देऊन दरवर्षीं न चुकतां पुन्हां द्यावी, आणि वयांत येण्याच्या सुमारास निर्बीजीकरण करून घ्यावें. नरालाहि हें लागू आहे. आपला नर बाहेर हिंडून आला कीं पिलें शेजाऱ्याच्या दारांत होतात, म्हणून आपली जबाबदारी टळत नाहीं.

एकत्र कुटुंब हें प्राण्याला फार चांगलें घर. दिवसभर कोणी ना कोणी घरीं असतें, मुलांना सवंगडी मिळतो, म्हाताऱ्यांना सोबत होते. परंतु या घरांत एक मोठा धोकाहि आहे. सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हा न्याय येथें लागतो. कुत्रा आणतो नातू, कौतुक करते आत्या, फिरवितात आजोबा आणि केर काढते सून. लशीची तारीख मात्र कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पिलूं उंबऱ्याच्या आंत घेण्यापूर्वीं घरच्या सर्वांनीं एकत्र बसून कामें वांटून घ्यावीं. आणखी एक हिशेब त्याच बैठकींत करावा. कुत्र्याचें आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचें असतें. पांचवींतला मुलगा पिलूं आणतो. कुत्रा म्हातारा होईल तेव्हां तो मुलगा पुण्यास नोकरीला असेल. आंधळ्या, लंगड्या कुत्र्याला त्या वेळीं कोण पाहणार, याचें उत्तर आज देतां येत नसेल तर पिलूं आणूं नये. ज्यांना पंधरा वर्षांचा भार पेलत नाहीं, त्यांनीं एकादें पिलूं दोन महिने सांभाळून चांगल्या घरीं द्यावें. तेंहि मोलाचें काम आहे.

जे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊं घालतात त्यांना माझें सांगणें याहून निराळें नाहीं. वैश्वदेवानंतर कुत्र्याचा आणि कावळ्याचा भाग काढण्याची रीत आमच्या पूर्वजांनीं घालून दिली, ती टाकावी असें मी म्हणत नाहीं. परंतु नामदेवांची कथा आठवावी. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां ती कोरडी खाऊं नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागें धांवले. अर्ध्यावर सोडलेलें दान त्यांना दान वाटलें नाहीं. ज्या कुत्रीला आपण रोज घांस घालतों, ती आपल्या हांकेला येते, आपल्या हाताला हुंगते. तिला धरून शस्त्रक्रियेला व लशीला पोंचविणें जितकें आपणांस सोपें, तितकें दुसऱ्या कोणालाहि नाहीं. तेवढें न करतां नुसतें खाऊं घालणें म्हणजे पुढच्या वेताची तजवीज करणें होय. शाळेच्या दाराशीं किंवा वर्दळीच्या कोपऱ्यावर अन्न टाकणें तर सर्वथा वर्ज्य मानावें.

सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२५ सालीं या दिशेनेंच बोट दाखविलें. ११ ऑगस्टला दिल्ली व आसपासचे सर्व मोकाट कुत्रे निवाऱ्यांत कोंडण्याचा हुकूम झाला होता. २२ ऑगस्टला तो बदलण्यांत आला. पिसाळलेले व आक्रमक वगळून बाकीचे कुत्रे शस्त्रक्रिया व लस झाल्यावर मूळ जागीं सोडावे, वाटेल तेथें खाऊं न घालतां त्यासाठीं जागा नेमाव्या, आणि ज्यांना प्रेम असेल त्यांनीं रीतसर अर्ज करून कुत्रे दत्तक घ्यावे. मात्र घेतलेला कुत्रा पुन्हां रस्त्यावर दिसूं नये, असें त्यांत सांगितलें होतें. पुढें ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें अशा जागांपुरता अधिक कडक हुकूम झाला. माणसाच्या मुलाची भीति न्यायालयानें खोटी मानली नाहीं, आणि आपणहि मानूं नये.

त्या मुलासाठीं दोन शब्द. कुत्रा चावला किंवा त्यानें नुसतें ओरबाडलें, तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, तिखट, चुना, तंबाखू यांपैकीं कांहींहि लावूं नये. लागलीच रुग्णालयांत जावें. रक्त आलें असल्यास जखमेंत द्यावयाचें निराळें औषध असतें, तें आवर्जून विचारावें, आणि लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशीं पुऱ्या कराव्या. पोटांत चौदा सुया घेण्याचा जो धाक जुन्या माणसांच्या मनांत बसला आहे, ती लस आपल्या देशांतून २००५ च्या सुमारास गेली. आतांची लस दंडांत देतात. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कुत्रा चावल्याचें सांगितल्यावर रागें भरावयाचें नाहीं, हें घरांतल्या सर्वांनीं ठरवून ठेवावें. माराच्या भीतीनें मुलें असल्या गोष्टी लपवितात, आणि लपविलेली जखम महिन्या-दोन महिन्यांनीं आपला हिशेब मागते.

शेवटीं एक सूचना. चाळीस वर्षें हातांत हजेरीपट धरलेल्या माणसाला दुसरें काय सुचणार? प्रत्येक आळीनें आपल्या कुत्र्यांचा एक हजेरीपट करावा. शुक्रवार पेठ असो, मलठण असो, लक्ष्मीनगर असो. कुत्र्याचा रंग, नर कीं मादी, कानाला खांच आहे कीं नाहीं, लस केव्हां झाली, रोज घांस कोण घालतें, एवढे रकाने पुरे. शाळकरी मुलें हें काम सुटीच्या दोन दिवसांत करतील. दुरून पाहावें आणि हात लावूं नये एवढें त्यांना बजावून सांगावें. तो तक्ता जोडून आळीच्या सह्यांनिशीं नगरपरिषदेकडे लेखी अर्ज द्यावा. कारण नियमानें हें काम स्थानिक संस्थेचें आहे. आपल्याच जिल्ह्यांत शिरवळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील जाणत्यांचा सल्ला मागण्यास पत्राचाच काय तो खर्च. आणि अर्जाचें उत्तर येईपर्यंत ज्याच्या दारांत जी कुत्री बसते, ती त्यानें आपली समजून दवाखान्यांत न्यावी.

पुढच्या पावसाळ्यांत आपल्या आळींत किती पिलें कमी जन्मलीं आणि जन्मलेल्यांपैकीं किती घरांत गेलीं, हें त्याच हजेरीपटावरून दिसेल. एका आळीचा पट पुरा झाला म्हणजे दुसरी आळी तो पाहावयास येईल. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.